मिश्र वापर म्हणजे कोणाचा वापर?

लोअर परळला सेनापती बापट मार्गावर आज जे उभं आहे त्याला बिल्डरांच्या भाषेत 'मिश्र वापराचा प्रकल्प' म्हणतात. एकाच आवारात मॉल, हॉटेल, ऑफिसं, थेटरं आणि राहायचे टॉवर. इथंच राहा, इथंच कमवा, इथंच उडवा. फिनिक्स मिलचंच बघा. १९०५ साली निघालेली गिरणी. आज तिच्या जागेत मॉल आहे, पंचतारांकित हॉटेलचा टॉवर आहे. जुनी चिमणी तेवढी शोभेला ठेवलीय. खाली भट्टी नाही, वर धूर नाही. शिकारी मेलेल्या वाघाचं मुंडकं भिंतीवर लावतो ना, त्यातला प्रकार.

जाहिरातीत सांगतात, इथं सगळं मिसळलंय. मी विचारतो, काय काय मिसळलं? दुकान नि घर मिसळलं. ऑफिस नि हॉटेल मिसळलं. पैसा नि पैसा मिसळला. माणसं मिसळली का? जो या टॉवरची काच पुसतो, जी चाळिसाव्या मजल्यावर भांडी घासते, जो तळघरातल्या मैल्याच्या टाकीत उतरतो, त्यांच्यासाठी या मिश्रणात जागा कुठं आहे? त्यांची जागा आहे मागच्या दारात, सर्व्हिस लिफ्टमध्ये आणि संध्याकाळच्या कर्जत-कसारा लोकलमध्ये. मिश्र वापर होतो तो जमिनीचा. माणसांचा होतो नुसता वापर.

दोस्तांनो, आपल्या चळवळीत या टॉवरांबद्दल दोनच तऱ्हेचं बोललं जातं. एक जण म्हणतो, "गिरणगाव गेलं रे, काय ते दिवस होते!" आणि उसासा टाकतो. दुसरा म्हणतो, "आपण पण शिकून वर जायचं, आपला पण फ्लॅट पाहिजे तिथं." पहिला मागं बघून रडतो, दुसरा वर बघून लाळ गाळतो. खाली जमिनीकडं कोणीच बघत नाही. आणि भांडण तर जमिनीचं आहे.

म्हणून आधी जमिनीचा हिशेब करू. भावनेचं नंतर बघू.

मुंबईत ५८ कापड गिरण्या आणि त्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारपणाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. हा संप कधी रीतसर मागं घेतलाच गेला नाही. कामगार लाखाच्या वर बाहेर फेकले गेले आणि मालकाला उमगलं, की कापडापेक्षा कापडाखालची जमीन महाग आहे. गिरणी चालवायला अक्कल लागते, बाजार लागतो, कामगार लागतो. जमीन विकायला नुसता कायदा वाकवावा लागतो.

कायदा कसा वाकवला ते नीट समजून घ्या, कारण पुढच्या मोर्चात तुम्हाला हे सांगावं लागणार आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ नंबरचा नियम होता. गिरणीची जमीन विकायची तर तिचे तीन वाटे करायचे. एक वाटा महापालिकेला, मैदान-बगीच्यासाठी. एक वाटा म्हाडाला, सार्वजनिक घरांसाठी. आणि एक मालकाला. मालकाच्या मानानं हे सुद्धा कमी नव्हतं. पण त्याचं पोट भरलं नाही. १९९६ साली सरकारनं आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांची कमिटी नेमली. सगळ्या गिरण्यांच्या जमिनीचा एकत्र आराखडा करा, मैदानं करा, घरं करा, वाहतुकीची सोय करा, असा तो विचार होता. तो कागद कागदच राहिला. २००१ साली ५८ नंबरच्या नियमात बदल झाला. आता तीन वाटे पूर्ण जमिनीचे नाही, तर फक्त आधीपासून मोकळ्या पडलेल्या जमिनीचे.

शब्द एकच बदलला. पण हिशेब करा. धरून चला, एक गिरणी आहे १५ एकरांची. तिच्यात १२ एकरांवर शेड, गोदामं, खाती. मोकळी जमीन ३ एकर. जुन्या नियमानं शहराला ५ एकर, घरांना ५ एकर, मालकाला ५ एकर. नव्या नियमानं शहराला १ एकर, घरांना १ एकर आणि मालकाला १३ एकर. आपल्या पोरांना गणितात नापास करणाऱ्या मास्तरांनी हे गणित कधी फळ्यावर घातलं नाही.

पर्यावरणवाल्या एका संस्थेनं २००५ साली हायकोर्टात दाद मागितली. १७ ऑक्टोबर २००५ ला हायकोर्टानं जमिनीच्या बाजूनं निकाल दिला. ७ मार्च २००६ ला सुप्रीम कोर्टानं तो फिरवला आणि सरकार-मालकांचा अर्थ कायम केला. दरम्यान सरकारी गिरण्यांचा लिलाव सुरूच होता. २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानं पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. ज्युपिटर २७६ कोटी, अपोलो १८० कोटी, कोहिनूर नंबर तीन ४२१ कोटी, एल्फिन्स्टन ४४१ कोटी, मुंबई टेक्स्टाईल ७०२ कोटी. बेरीज २,०२० कोटी. लक्षात घ्या, या सरकारी गिरण्या होत्या. म्हणजे तुमच्या-माझ्या मालकीच्या. ७०२ कोटींना घेतलेली मुंबई टेक्स्टाईलची जमीन घेणाऱ्यानं २०१२ साली दुसऱ्या बिल्डरला २,७०० कोटींच्या वर विकली. सात वर्षांत जवळजवळ चौपट. या सात वर्षांत त्या जमिनीवर त्यानं काय पिकवलं? घाम कोणाचा गाळला? काही नाही. नुसती जमीन धरून बसला. शंभर वर्षं ज्यांनी त्या जमिनीवर तीन पाळ्या केल्या त्यांना मात्र सांगितलं, तुमचा संबंध संपला.

आता त्यांना काय मिळालं ते बघा. घरासाठी गिरणी कामगारांचे आणि वारसांचे अर्ज आले पावणेदोन लाखांच्या आसपास. म्हाडानं २०१२ साली ६,९२५ घरांची सोडत काढली. २०१६ साली २,६३४. २०२० साली ३,८९४. तीन सोडती मिळून तेरा हजार चारशे आणि वर त्रेपन्न. घर केवढं, तर सव्वादोनशे चौरस फुटांचं. २०२० च्या सोडतीत त्याची किंमत साडेनऊ लाख. ज्याची नोकरी चाळीस वर्षांमागं गेली त्यानं साडेनऊ लाख आणायचे कुठून? आणि ज्यांचा नंबर लागला नाही त्यांना १५ मार्च २०२४ च्या सरकारी निर्णयानं दाखवलं शेलू आणि वांगणी. कर्जत-बदलापूरच्या बाजूला. वर अट अशी, की तिथलं घर नाकारलं तर तुमचा हक्कच संपला. ९ जुलै २०२५ ला आझाद मैदानात म्हातारी माणसं पावसापाण्यात येऊन बसली तेव्हा कुठं ती अट काढू म्हणून सरकारला बोलावं लागलं. जमीन परळची, घर वांगणीला. हा सुद्धा मिश्र वापरच म्हणायचा.

इथपर्यंत जे लिहिलं ते कोणी डावा कार्यकर्ता सुद्धा लिहील. लिहिलेलंही आहे. पण त्याची लेखणी इथं थांबते. आपली थांबत नाही. कारण गिरणीत जे झालं ते नुसतं मालक विरुद्ध कामगार नव्हतं.

ज्या गिरणगावासाठी आज नाटकं होतात, सिनेमे निघतात, ते गिरणगाव आपल्यासाठी अर्धंच उघडं होतं. साचाखात्यात आपल्या माणसाला मज्जाव होता. का? धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढायचं. तोंड लागायचं. महाराचं तोंड लागलेला धोटा मराठ्याच्या तोंडाला कसा चालेल? म्हणून साचाखातं बंद. आणि पगार कुठं जास्त? साचाखात्यात. आपली माणसं सूतखात्यात, रिंगवर, कमी पैशात. विटाळ धोट्याला लागत होता, पण कापला जात होता आपला पगार. मी आज स्वतः एका सूतगिरणीत रिंगवर आहे. शाळा नववीला सुटली. जे वाचलं ते पाळी संपल्यावर वाचलं. रिंगखात्यात आपलीच माणसं जास्त का, हा प्रश्न मला कोणी पुस्तकातून दिला नाही, तो मला खात्यात शिरल्या दिवशी दिसला. उत्तर मात्र पुस्तकात सापडलं.

१९२८ चा मोठा संप आठवा. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. संपाच्या पुढाऱ्यांनी सतरा मागण्या काढल्या. त्यात आपल्या माणसाला साचाखात्यात घेण्याची मागणी नव्हती. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं, ही मागणी घ्या, नाहीतर आमची माणसं तुमच्याबरोबर येणार नाहीत. तेव्हा नाखुशीनं ती घेतली गेली. आणि मालकांनी काय उत्तर दिलं? म्हणाले, ही बंदी आम्ही घातलेली नाही. तुमच्याच कामगारांनी घातलीय.

हे उत्तर पाठ करून ठेवा. मालक म्हणतो, मी नाही, कामगारानं केलं. कामगार म्हणतो, मी नाही, रूढीनं केलं. रूढी बिचारी बोलत नाही. गुन्हा होतो आणि गुन्हेगार सापडत नाही. जातीचा सगळा कारभार याच पद्धतीनं चालतो.

आता या उत्तराचा धागा धरून टॉवरमध्ये चला. खाली दोन लिफ्ट. एक साहेबांची, एक सर्व्हिसची. सर्व्हिसच्या लिफ्टमधून कचरा जातो, सिमेंटची गोणी जाते, कुत्रं जातं आणि घरकामाची बाई जाते. बिल्डरला विचारा, तो म्हणतो, लिफ्ट आम्ही सोयीसाठी बांधली, कोणी कुठल्या लिफ्टनं जायचं ते सोसायटी ठरवते. सोसायटीला विचारा, सेक्रेटरी म्हणतो, लिफ्ट तशी बांधूनच दिली होती, आम्ही कुठं काय केलं? बाईला विचारा, ती म्हणते, वॉचमननं अडवलं. वॉचमन तर आपल्याच वस्तीतला. १९२८ चं उत्तर शब्द बदलून आलं. धोटा गेला, लिफ्ट आली. तोंड लागत होतं ते आता नुसतं अंग लागतंय, तेवढाच फरक.

कोणी म्हणेल, हे काही जातीचं नाही, श्रीमंत-गरिबाचं आहे. बरं, मग पैसा घेऊन जा फ्लॅट घ्यायला. आडनाव विचारतात. आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारतात. गावावरून कळलं नाही तर विचारतात, "नॉनव्हेज खाता का?" मुंबईत कित्येक इमारतींत हा प्रश्न म्हणजे जातीचा दाखला मागण्याचा सभ्य रस्ता आहे. ज्याला मटण नको त्याला त्याची जीभ लखलाभ. पण माझ्या ताटावरून माझं दार ठरत असेल तर तो ताटाचा प्रश्न नाही. आणि कायदा काय म्हणतो? अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात २००५ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की सहकारी सोसायटीनं आपल्या नियमात सभासदत्व एका समाजापुरतं ठेवलं तर तो तिचा संघटनेचा हक्क आहे. चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी पाणी प्यायलं, का, तर तळं सार्वजनिक होतं. आता त्यांनी युक्ती शोधली. तळं सार्वजनिक ठेवायचंच नाही. रस्ता आवारात, बाग आवारात, तलाव आवारात, आवाराला गेट. सार्वजनिक असं काही उरलंच नाही तर सत्याग्रह करणार कशावर? गेटच्या आतलं सगळं गाव खाजगी. म्हणून म्हणतो, ५८ नंबरच्या नियमातला मैदानाचा वाटा गेला तो नुसता हिरवळीचा वाटा नव्हता. ज्या जागेवर कोणालाही पाय ठेवायचा हक्क असतो अशी जागा गेली. परळच्या कामगार मैदानासारखी मैदानं होती म्हणून सभा झाल्या. १९३८ च्या ७ नोव्हेंबरला कामगारांच्या हक्कावर घाला घालणाऱ्या बिलाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्षानं आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला. मॉलमध्ये सभा घेऊन बघा. पाच मिनिटांत गार्ड येतो.

त्या गार्डबद्दलही बोललं पाहिजे. २२ ऑक्टोबर २०२१ ला करी रोडच्या एका ६० मजली टॉवरमध्ये आग लागली. सुरक्षारक्षक वर बघायला गेला, अडकला, एकोणिसाव्या मजल्याच्या गॅलरीला लोंबकळत राहिला आणि पडून मेला. राहणारे वाचले, राखणारा मेला. त्याची जात मला माहीत करून घ्यायची नाही. त्याचं काम मला पुरेसं आहे. आणि तळघरात चला. एवढ्या मोठ्या टॉवरचा मैला कुठं जातो? खाली टाकीत. टाकी तुंबली की कोणाला बोलावतात? १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला त्याहून कडक कायदा झाला, की माणसाला मैल्यात उतरवायचं नाही. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितलं, २०२३ साली तीस लाख. मरणाचा दर वाढला, मरणं थांबलं नाही. मंगळावर यान पाठवणाऱ्या देशाला टाकी साफ करायला यंत्र मिळत नाही, कारण यंत्रापेक्षा आपला माणूस स्वस्त पडतो. चाळिसाव्या मजल्यावरचा साहेब बटण दाबतो आणि त्याला वाटतं ते नाहीसं झालं. नाहीसं होत नाही. खाली येतं. आणि खाली आपण असतो. मनूनं ज्याला पायातून काढलं त्याला बिल्डरनं तळघरात ठेवलं. आराखडा तोच, फक्त मजले वाढले.

आणखी एक. २०१७ साल विसरू नका. २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं मेली. त्याच साली २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग लागून १४ माणसं मेली. गिरण्यांच्या जागी ऑफिसांचे टॉवर उभे राहिले, माणसं हजारोंनी वाढली, पण पूल तोच अरुंद. एकत्र आराखडा करा म्हणून सांगणाऱ्या १९९६ च्या कमिटीचा कागद गुंडाळला त्याची किंमत त्या पुलावर मोजली गेली. मिश्र वापराच्या हिशेबात दुकानाचं भाडं धरतात, गाडीची पार्किंग धरतात. लोकलनं येणारा माणूस धरत नाहीत.

मग आपण काय, टॉवर पाडा म्हणायचं? चाळी परत आणा म्हणायचं? मुळीच नाही. चाळीचं कौतुक त्यांनी करावं ज्यांना चाळीत पाणी भरताना कोणी बाजूला सरक म्हटलं नाही. वरळीच्या बीडीडी चाळींत जानेवारी १९७४ मध्ये काय झालं ते विसरलात? १० जानेवारीला परळच्या मोर्चावर वरून दगड आला आणि पँथर भागवत जाधव जागेवर मेला. उंचीवरून येणारा दगड आपल्याला नवा नाही. गिरणगावातल्या एकीची गाणी गाणाऱ्यांनी हा दगड कुठल्या गाण्यात बसवायचा ते ठरवावं. आणि खेड्याचंही प्रेम आपल्याला नको. खेडं हे अज्ञानाचं नि जातीयतेचं डबकं आहे हे बाबासाहेबांनी घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ ला तोंडावर सांगितलं. आपण शहराच्या बाजूचे आहोत. आपण लिफ्टच्या बाजूचे आहोत. पाणी नळानं वरच्या मजल्यावर यावं, म्हातारीला जिना चढावा लागू नये, पोराला अभ्यासाला वेगळी खोली असावी, याला आपला विरोध कसा असेल? त्याच बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या गेल्या. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, ४० मजली इमारतीत. चांगलं झालं. त्याच जागेवर, त्याच माणसाला, उंच घर देता येतं हे सिद्ध झालं. मग गिरणी कामगाराला वांगणी का? जागा नाही म्हणून, की इच्छा नाही म्हणून?

म्हणजे भांडण उंचीशी नाही. उंची कोणाच्या जमिनीवर आणि कोणासाठी, याच्याशी आहे.

आता घरातलं बोलू. इंदू मिल. दादरला चैत्यभूमीच्या शेजारी, १२ एकर. तीही सरकारी गिरणी, तीही विकली गेली असती. ६ डिसेंबर २०११ ला आपली माणसं आत घुसली. बसून राहिली. २०१२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारला जमीन स्मारकाला देतो म्हणून जाहीर करावं लागलं. ११ ऑक्टोबर २०१५ ला भूमिपूजन झालं. सगळ्या गिरणगावात बिल्डरच्या तोंडचा घास लोकांनी काढून घेतला असं ठळक उदाहरण हेच, आणि तो काढला निळ्या झेंड्यानं. याचा अभिमान मला आहे, तुम्हालाही असावा.

पण अभिमानाच्या पुढं हिशेब करा. ६०० एकरांत १२ एकर म्हणजे शंभरात दोन. पुतळा चौथऱ्यासकट साडेचारशे फुटांचा ठरला. खर्च हजार कोटींच्या वर. आणि ६ डिसेंबर २०२५ ला सुद्धा ते काम पुरं झालेलं नव्हतं. दर सहा डिसेंबरला पुढारी येतात, तारीख देतात, फोटो काढतात. आणि त्याच पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात बिल्डरचा फोटो असतो. मी विचारतो, जी ताकद १२ एकरांसाठी गेट तोडू शकते ती उरलेल्या जमिनीबद्दल गप्प का? कारण पुतळ्याला सगळ्यांचा पाठिंबा मिळतो. बिल्डर सुद्धा देतो. पुतळा भाडं मागत नाही, पुतळा पगार मागत नाही, पुतळा सर्व्हिस लिफ्टबद्दल बोलत नाही. पण ज्याचा पुतळा आहे तो माणूस बोलला होता. परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत वीस-बावीस वर्षं राहून, गिरणीच्या भोंग्याखाली अभ्यास करून तो बोलला होता. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढं त्यानं सांगितलं, कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपल्यातले काही पहिल्याशी भांडतात नि दुसऱ्याच्या गाडीतून फिरतात. डावे दुसऱ्याशी भांडतात नि पहिल्याच्या घरी जेवतात. टॉवर दोघांनी मिळून बांधलाय. एकाशी भांडून तो हलणार नाही.

"मिल मेल्या, टॉवरमुळं निदान काम तरी मिळतं," असंही आपलीच पोरं म्हणतात. काम मिळतं, खरं आहे. हाऊसकीपिंगचं, गार्डचं, डिलिव्हरीचं. पण गिरणीच्या कामगाराला पटावर नाव होतं, पीएफ होता, ईएसआय होता, गेटबाहेर झेंडा होता. टॉवरच्या कामगाराला ठेकेदार आहे. ठेकेदार बदलला की नोकरी नवी, सर्व्हिस शून्य. आमच्या घरात आज्याचं गिरणीचं तिकीट अजून डब्यात आहे. त्यावर त्याचा नंबर आहे. गिरणी कुठली ते इथं महत्त्वाचं नाही. पण त्या नंबरवर आमचं घर हक्कानं मागता येतं. आज टॉवरमध्ये झाडू मारणाऱ्या पोराच्या नातवानं कुठला नंबर दाखवायचा?

तेव्हा करायचं काय ते बोलून थांबतो. नुसत्या शिव्या घालायला मला पाळी बुडवायला परवडत नाही.

पहिलं. आपल्या वस्त्यांत जे गिरणी कामगार आणि वारस आहेत त्यांचे कागद गोळा करा. तिकीट, पीएफची चिठ्ठी, ईएसआयचं कार्ड. बदलीवाल्यांचे कागद सगळ्यात कच्चे असतात, आणि ज्यांना पक्कं करायला मालक नि जॉबर सगळ्यात शेवटी तयार होत, त्यांत आपले होते. शिकलेल्या पोरांनी आठवड्याला एक संध्याकाळ द्यावी, दारोदार जावं.

दुसरं. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. दहा रुपयांचा अर्ज. एकेका गिरणीचं नाव घालून विचारा, मोकळी जमीन किती दाखवली, म्हाडाला किती मिळाली, पालिकेला किती, आणि जे मैदान कागदावर आहे त्याला गेट कोणी लावलं. जिथं मैदान कागदावर सार्वजनिक आहे तिथं आपण जायचं. पोरं घेऊन जायचं, बसायचं, सभा घ्यायची. महाडनंतरचं तळं हेच.

तिसरं. टॉवरमध्ये काम करणाऱ्यांची संघटना. सुरक्षारक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१ चा कायदा आहे, बोर्ड आहे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला, बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर आहे, तो पैसा नोंदलेल्या कामगारालाच मिळतो. घरकामवाल्या बायांसाठी २००८ चा कायदा आहे. कायदे आहेत, नोंदणी नाही. नाक्यावर उभा राहणारा मराठवाड्यातला आपला भाऊ टॉवर बांधून पुढच्या नाक्यावर जातो, त्याच्या हक्काचा पैसा बोर्डात पडून राहतो. नोंदणीचा फॉर्म भरायला कवी असावं लागत नाही.

चौथं. सर्व्हिस लिफ्ट. माल मालाच्या लिफ्टनं जावा, माणूस माणसाच्या लिफ्टनं. अमुक टॉवरमध्ये बाईला अडवलं कळलं की दुसऱ्या दिवशी शंभर जणांनी जाऊन त्या लिफ्टसमोर उभं राहायचं. घोषणा नको, दगड नको. नुसतं उभं राहायचं आणि आत शिरायचं. बोट मजल्याच्या बटणावर ठेवायचं. सेक्रेटरी आला की त्याला विचारायचं, हा नियम कोणाचा? लेखी दे. तो देणार नाही, कारण ही बंदी कोणीच घातलेली नाही. १९२८ पासून कोणीच घातलेली नाही.

आणि पाचवं, पुढाऱ्यांना. इंदू मिलची तारीख विचारायची तेव्हा वांगणीचीही विचारा. ज्या तोंडानं पुतळ्याची उंची सांगता त्या तोंडानं कामगाराच्या घराची लांबी-रुंदी सांगा. सांगता येत नसेल तर सहा डिसेंबरला स्टेजवर चढू नका. खाली रांगेत उभे राहा, आमच्याबरोबर. तिथं व्हीआयपी गेट नसतं.

जमीन कापसाच्या धुळीनं फुफ्फुसं भरलेल्यांची आहे. तिच्यावर साठ मजले चढवा नाहीतर शंभर. तळाला जो दस्त आहे त्यावर सही आमचीही लागेल.

जयभीम.